पोलिसांविरुद्ध बोलल्यावर त्रास सुरू झाला तर काय करायचं

सुरुवात सहसा फोनने होते. "साहेबांनी बोलावलंय, उद्या अकराला ठाण्यात या." कोणत्या गुन्ह्यात, कशासाठी, याचं उत्तर मिळत नाही. तुम्ही कोठडीतल्या मारहाणीची तक्रार केलेली असते, खोट्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसासाठी मोहीम चालवत असता, किंवा खात्यात राहूनच वरिष्ठांचा गैरव्यवहार उघड केलेला असतो. पहिले काही आठवडे सगळा कारभार तोंडी चालतो, कारण तोंडी गोष्ट नंतर नाकारता येते. म्हणून तिचा त्याच दिवशी कागद करायचा आणि त्याची नोंद त्या ठाण्याबाहेरच्या एखाद्या आवक रजिस्टरात पडेल असं बघायचं.

फोन आला की वरिष्ठ निरीक्षकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा, प्रत उपायुक्तांना किंवा जिल्ह्यात असाल तर अधीक्षकांना. मजकूर दोनच वाक्यांचा: "आज अमुक वाजता अमुक क्रमांकावरून मला ठाण्यात बोलावण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) किंवा १७९ ची लेखी नोटीस मिळाल्यास मी हजर राहीन." दुसरं वाक्य गाळू नका. ते नसेल तर "तपासात सहकार्य करत नाही" असा शेरा मारायला वाव राहतो. कलम ३५ ची नोटीस संशयिताला, १७९ ची साक्षीदाराला. तुम्हाला कोण समजलं जातंय, ते नोटिशीच्या कलमावरूनच कळतं. स्त्रिया आणि साठीपुढच्या व्यक्तींना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी तशी आली तर गप्प न बसता तेच कळवा. रीतसर नोटीस आली की मात्र जायचंच. न गेल्यास तेच अटकेचं कारण होतं.

ठाण्यात गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवा. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तरी किमान एक वर्ष ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. प्रत्यक्षात "फुटेज आपोआप पुसलं गेलं" हे उत्तर ठरलेलं. म्हणून माहिती अधिकाराच्या आधी, दोन-तीन दिवसांतच, चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज अधीक्षकांकडे द्या आणि त्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहा: प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराचं टेबल, लॉकअपसमोरचा बोळ. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. "मला का बोलावलं?" असं विचारलंत तर अर्ज फेटाळला जाईल, "अमुक तारखेच्या स्टेशन डायरीतील अमुक वेळेदरम्यानच्या नोंदींची प्रत" मागा.

यानंतरची पायरी म्हणजे चॅप्टर केस, आणि लोक सर्वाधिक इथेच फसतात. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागितलं जातं. "सही करा आणि मोकळे व्हा" असा सल्ला ठाण्यातलाच कोणीतरी प्रेमाने देतो. सही झाली की ती नोंद तुमच्या नावावर राहते आणि पुढे तडीपारीच्या प्रस्तावात गुन्ह्यांच्या यादीखाली तीच दिसते. त्यामुळे आधी कलम १३० चा लेखी आदेश मागा. त्यात नेमकी कोणती माहिती मिळाली, हे लिहिलेलं असावं लागतं. लेखी खुलासा द्या, चौकशी व्हायला लावा. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर कार्यवाही सहसा आपोआप रद्द होते, म्हणून सुरुवातीची तारीख जपा.

तडीपारीची नोटीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ खाली येते. गोपनीय साक्षीदारांची नावं मिळणार नाहीत, पण आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगणं बंधनकारक आहे. खुलाशात तीन गोष्टी तपासा: गुन्हे किती जुने, त्यांतल्या किती खटल्यांत निर्दोष सुटका झाली, आणि प्रस्तावाच्या आधी तुम्ही पोलिसांविरुद्ध केलेल्या तक्रारीची तारीख. आदेश पूर्ण दोन वर्षांचा असेल तर तेवढ्या मुदतीची कारणं त्यात हवीत. ती नव्हती म्हणून जालन्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आदेश रद्द केला. अपील शासनाकडे, ३० दिवसांत.

पहाटे दार वाजलं तर? ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले आणि नंतर अशाच कैद्यांसाठी काम करणारे अब्दुल वाहिद शेख यांच्या विक्रोळीच्या घरी ऑक्टोबर २०२३ मध्ये एनआयएचं पथक आलं, तेव्हा त्यांनी कागद मागितला आणि कित्येक तास दार बंद ठेवलं. कागद मागणं बरोबरच, पण वॉरंट खरं असेल तर दार उघडावं लागतं, नाहीतर ते तोडता येतं. खिडकीतून वॉरंट वाचा, फोटो घ्या, वकिलाला पाठवा, मग उघडा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे; ते सुरू आहे का, हे मोठ्याने विचारा म्हणजे प्रश्नही त्यात येईल. पंच कुठले, ते विचारा. फोन जप्त होत असेल तर यादीत आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि हॅश व्हॅल्यू (आतला डेटा नंतर बदलला का, हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहायला सांगा. नकार मिळाला तर सहीच्या बाजूला तसा शेरा स्वतःच्या हाताने लिहा. यादीची प्रत घेतल्याशिवाय पथकाला निरोप देऊ नका.

अटक झालीच तर कारणं लेखी, समजेल त्या भाषेत, आणि दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

खात्यातल्या माणसाची वाट अधिक अरुंद आहे. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर होऊनही अंमलात आणलेला नाही, आणि पोलिसांच्या हक्कांवर बंधनं घालणाऱ्या १९६६ च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलणं अंगाशी येतं. मूळ कागद किंवा केस डायरी घरी नेऊ नका, त्यातून उलटा गुन्हा दाखल होतो. जावक क्रमांक आणि तारीख टिपून ठेवलीत तर न्यायालय ते कागद मागवू शकतं. कसुरी अहवालाला (कामातल्या चुकीबद्दल वरिष्ठांनी काढलेल्या कागदाला) मुदतीतच उत्तर द्या. मुदतपूर्व बदली झाली तर पोलीस आस्थापना मंडळाचं इतिवृत्त मागा आणि कार्यमुक्त होण्याआधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जा. नव्या जागी रुजू झाल्यावर स्थगिती मिळणं अवघड.

तुम्ही गंभीर खटल्यात साक्षीदार असाल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. खोट इथे आहे: धोक्याचा अहवाल त्याच उपविभागाचा पोलीस अधिकारी देतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच साहेब. अर्जातच हे लिहा, अहवाल दुसऱ्या घटकाकडून मागवण्याची विनंती करा, आणि अहवाल येईपर्यंत तात्पुरतं संरक्षण मागा. तशी तरतूद योजनेत आहे.

मुदती मात्र कोणी आठवण करून देत नाही. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार सहा महिन्यांची मर्यादा आडवी येते. शासनाच्या मंजुरीने ती दोन वर्षं. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्ष. राज्य आणि राष्ट्रीय, दोन्ही आयोगांकडे एकच तक्रार टाकू नका: राज्य आयोगात प्रकरण प्रलंबित आहे एवढ्यावरच दिल्लीतून ते बंद होतं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे बेकायदा अटक, मारहाण, खंडणी यांची तक्रार नेता येते. सोबत सगळ्या पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावा, सर्वांत वर पहिल्या फोनबद्दलचं पत्र.