इंजिन गार झालं की रेडिएटरचा वरचा होज चपटा होतो: माझा अनुभव

गाडी चालवून आलं की कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) रिझर्व्ह टाकी काठोकाठ भरायची आणि इंजिन गार झालं तरी पातळी उतरायची नाही. उलट रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) आत ओढला जाऊन चपटा व्हायचा. रेडिएटरमध्ये कूलंट कमी, गळती मात्र कुठेच नाही.

होज बदलला, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, सिस्टीममधली हवा काढली. काहीच फरक पडेना, अगदी वैताग आला.

दोष निघाला रेडिएटर कॅपमध्ये. तिच्यात दोन व्हॉल्व्ह असतात. स्प्रिंगचा मोठा व्हॉल्व्ह दाब वाढला की जादा कूलंट टाकीत सोडतो. मधला छोटा व्हॉल्व्ह इंजिन गार होताना उघडून तेच कूलंट परत आत घेतो. हा छोटा व्हॉल्व्ह पांढरट क्षाराने चिकटला होता, नखाने ओढला तरी हलेना. त्यामुळे कूलंट परत येत नव्हतं, आत पोकळी होऊन होज ओढला जात होता.

आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. गरम इंजिनवर कॅप उघडूच नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. फडकं ठेवून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवली, मग दाबून काढली. फिलर नेकची, म्हणजे कॅप बसते त्या तोंडाची, आतली कडा पुसली. टाकीकडे जाणाऱ्या बारीक नळीतून पाणी सोडून पाहिलं, कारण ती तुंबली तरी होज असाच चपटा होतो. जुन्या कॅपवर १.१ छापलेलं होतं, म्हणजे साधारण १.१ बार (बार हे दाबाचं एकक), नवी त्याच दाबाची आणि त्याच मापाची घेतली. रेडिएटर गळ्यापर्यंत, टाकी दोन खुणांच्या मध्ये भरली आणि कॅप शेवटपर्यंत आवळली.

होज आता गोल राहतो. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. साध्या पाण्यातले क्षार व्हॉल्व्हवर बसतात.