अ‍ॅडलेडचा इतिहास पाहताना सुरुवात टेकडीवरून करावी
ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचा वसाहतकालीन वारसा समजून घ्यायचा असेल, तर संग्रहालयाआधी मॉन्टेफिओरी टेकडीवर जावे. १८३७ मध्ये या शहराची आखणी करणाऱ्या कर्नल विल्यम लाइट यांचा पुतळा तेथे शहराकडे बोट दाखवत उभा आहे, आणि शहराभोवती राखलेल्या हिरव्या पट्ट्यामागचा विचार तेथे चटकन उमगतो. ही भूमी मुळात कौर्ना या आदिवासी लोकांची, त्यांच्या भाषेत ‘तार्न्दान्या’, म्हणजे तांबड्या कांगारूचे ठिकाण. स्थापनेचे फलक वाचताना हे नाव विसरू नये. नंतर ट्रामने ग्लेनेलग या समुद्रकाठच्या उपनगरात जाऊन कमानीसारखे वाकलेले जुने निलगिरीचे खोड अवश्य पाहावे. २८ डिसेंबर १८३६ रोजी वसाहतीचा जाहीरनामा त्याच्याजवळ वाचला गेला, असे मानतात.