संस्थानिकांची जुनी चित्रं: फडकं उचलण्याआधी या चुका टाळा

वाड्याच्या माळ्यावर एखाद्या राजाचं चित्र सापडलं की घरच्यांचा हात आधी फडक्याकडे जातो. ओलं फडकं, अर्धा चिरलेला बटाटा, साबणाचं पाणी. आजवर मी हे सगळं पाहिलंय.

एका घरी 'पणजोबांचं ऑइल पेंटिंग' बघायला बोलावलं होतं. मी पोचेपर्यंत धाकट्या चिरंजीवांनी ओल्या कापसानं एक गाल पुसून ठेवला होता. गुलाबी रंग कापसावर उतरला होता आणि गालाच्या जागी उरला होता करडा फोटो! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानांत फोटोवरच रंग चढवून घ्यायची चांगली चलती होती. चेहऱ्यावर पातळ हात, म्हणजे साम्य बिघडत नाही. अंगरखा, मोती, शेला यांवर मात्र दाट रंग. लांबून तैलचित्रच वाटतं, पण रंग पुष्कळदा जलरंग असतो. तो गाल पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. मी आधी चित्र उलटं करतो. मागे कॅनव्हास आहे की पुठ्ठ्यावर डकवलेला कागद, यावर निम्मा निकाल लागतो. मग चेहऱ्यावर भिंग. 'फोटो पाठवतो, दोन मिनिटांत सांगा' म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

दुसरी खोड म्हणजे पगडी बघून राजाचं नाव ठोकून देणं. पगड्या सरदारही घालत, जावईही. त्यापेक्षा छातीकडे बघा. 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब 1861 साली सुरू झाला. त्याचा पांढऱ्या काठांचा फिकट निळा पट्टा दिसला की 'सत्तावनच्या आधीचं चित्र' ही घरची दंतकथा तिथेच संपते. सयाजीराव गायकवाडांना अधिकार मिळाले 1881 च्या डिसेंबरात, जी.सी.एस.आय., म्हणजे याच किताबाची सर्वोच्च श्रेणी, मात्र 1887 साली. पट्टा असलेल्या चित्राला 1881 चं म्हणायचं, तर तो मागाहून रंगवला नाही ना, हे आधी बघावं लागेल. ही तपासणी कंटाळवाणी असते, म्हणूनच कुणी करत नाही.

प्रत्येक चित्र रविवर्म्याचं नसतं. त्यांच्या छापखान्याची चित्रं 1894 पासून मुंबईतून निघू लागली. भिंगाखाली ठिपके दिसले तर छापील समजा. खालच्या सहीवर भिस्त ठेवू नका, ती कुणीही घालतं.

आणि काचेला रंग चिकटला असेल तर काच ओढू नका. आहे तशी, फ्रेमसकट, जाणकाराकडे न्या.