विद्यापीठात नवीन कल्पना अडकतात कुठे? स्टाफच्या नात्यांमधल्या या चुका टाळा

"आमचा विभाग म्हणजे एक फॅमिलीच" असं अभिमानाने सांगणारे बरेच असतात, आणि नेमकं तिथेच वर्षानुवर्षं तेच फॉर्म, तीच प्रॅक्टिकलची पद्धत, तेच रजिस्टर चालू असतं. एकोपा वाईट नाहीच हो, पण रोज त्याच पाच जणांशी बोलणार असाल तर नवीन काही कानावर पडणार कुठून?

तर सगळ्यात मोठी चूक हीच, घट्ट ग्रुप जमला की काम झालं असं धरून चालणं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नवीन माहिती बऱ्याचदा जुजबी ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून दुसऱ्या विभागातला, लायब्ररीतला, अकाउंट्समधला एखादा तरी माणूस नावाने ओळखीचा हवा.

पण आता याच्या उलटी चूक. ओळखी भरपूर, सेमिनारला सगळ्यांशी हाय-हॅलो, आणि प्रत्यक्षात काहीच उभं राहत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक मॉर्टन हॅन्सन यांनी १९९९ मध्ये एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रोजेक्ट्सवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की दूरच्या ओळखी माहिती शोधायला उपयोगी पडतात पण गुंतागुंतीचं ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर नातं जवळचंच लागतं. त्यामुळे कल्पना मिळाली की त्या माणसासोबत बसा, दोन-तीन वेळा बसा, नुसती मेल फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका.

टीचिंग आणि नॉन-टीचिंगमधली भिंत हा तर वेगळाच विषय. समजा रीचेकिंगचा फॉर्म ऑनलाइन करायचाय. कमिटीत प्राध्यापक आणि आयटीवाले, खिडकीवर बसणारा क्लार्क कुठेच नाही. फॉर्म सुरू होतो आणि ढिगाने अर्ज परत जातात, का तर जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमात एकाच नावाचा विषय आहे, कोड वेगळे आहेत आणि ड्रॉपडाउनमध्ये नुसतं नाव दिसतंय. क्लार्कला हे पहिल्या दिवसापासून माहिती होतं, तो रोज हाताने कोड दुरुस्त करत होता, त्याला विचारलंच नाही कुणी! पहिल्या मीटिंगला त्याला बोलवा आणि बोलायची पाळी त्याला आधी द्या, एचओडी (विभागप्रमुख) बोलून झाल्यावर कोण तोंड उघडतंय.

भीतीचंही तसंच. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या अभ्यासात, जिथे चूक कबूल करायला किंवा शंका विचारायला भीती वाटत नाही त्या टीम जास्त शिकताना दिसल्या. मीटिंगमध्ये शांतता आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कुजबुज असेल तर "सगळ्यांची संमती" असं मिनिट्समध्ये लिहू नका, ज्युनियर लोकांकडून हरकती आधी लेखी घ्या. आणि ज्याची कल्पना त्याचं नाव प्रस्तावावर घाला. एकदा श्रेय खाल्लं की तो माणूस पुढे काही सुचवतच नाही (आणि हे सगळ्या बिल्डिंगला कळतं, ते वेगळंच).

बसायच्या जागांमधल्या अंतराला लोक फार हलकं घेतात. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी इंजिनियर लोकांचं बोलणं मोजलं तेव्हा साधारण ५० मीटरच्या पुढे ते अगदी कमी होतं असं दिसलं. व्हॉट्सॲप ग्रुपने हे सुटतं असं मला तरी वाटत नाही, तिथे शुभेच्छाच जास्त. एकत्र प्रोजेक्ट करणाऱ्यांना निदान आठवड्यातून एक दिवस एका खोलीत बसवा.

शेवटचं, दोन विभागांना जोडणारी एकच व्यक्ती असेल तर तिची बदली झाली की प्रोजेक्ट बसलाच. दुसऱ्या कुणाला तरी तिच्याबरोबर पाठवायला आत्ताच सुरुवात करा, रिटायरमेंटच्या महिन्यात नाही.