क्रूझरवरून स्पोर्ट बाइकवर जाताना : आधी हात मोकळे करा

दहा वर्षे क्रूझर, म्हणजे पाय पुढे पसरून ऐसपैस बसायची मोटारसायकल, चालवलेल्या माणसाला रस्ता वाचता येतो. समोरची एसटी कधी डावीकडे ओढली जाणार, पावसाळ्यात घाटात शेवाळ कुठे धरते, रिक्षावाला हात न दाखवता कुठे वळणार, हे त्याला न सांगता कळते. ही सगळी पुंजी पुढे झुकून चालवायच्या, वेगवान स्पोर्ट बाइकवरही कामी येते. शरीराला लागलेल्या सवयी मात्र जशाच्या तशा तिकडे नेता येत नाहीत, आणि त्यांतली सर्वांत हट्टी सवय हातांची असते. क्रूझरवर आपण हँडलला धरून बसतो. स्पोर्ट बाइकवर गाडी मांड्यांनी धरायची असते आणि हात मोकळे ठेवायचे असतात. थ्रॉटल (फिरवून वेग वाढवायची उजवी मूठ), ब्रेक, वळण आणि थकवा या चारही बाबतींत नवख्या चालकाच्या बहुतेक चुका आवळलेल्या हातांपासूनच सुरू होतात, असे मी स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे म्हणू शकतो.

मी रॉयल एन्फील्ड मीटिऑर ३५० वरून कावासाकी निंजा झेडएक्स-६आर वर आलो, म्हणून उदाहरणे याच दोन गाड्यांची देतो. मीटिऑरचे वजन १९१ किलो, तर निंजाचे १९८ किलो. दोन चाकांमधले अंतर दोन्हींचे सारखेच, म्हणजे १४०० मिलिमीटर. कागदावर या गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ दिसतात. पण पहिलीचे इंजिन साधारण २० अश्वशक्ती देते आणि दुसरीचे त्याच्या सहापट. शिवाय ही ताकद सगळीकडे सारखी पसरलेली नाही. मीटिऑरचा जोर ४००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच) पूर्ण मिळतो, तर निंजा तेवढ्या फेऱ्यांवर अगदी सालस वाटते आणि खरी जागी होते ती त्याच्या दुपटीनंतर. पहिल्या आठवड्यात सालसपणाच अनुभवास येतो आणि ‘ही तर सहज झेपते’ असा समज होतो. पहिल्याच गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर ओलांडणाऱ्या गाडीबद्दल हा समज घातक आहे.

त्यामुळे २० अश्वशक्तीवरून थेट १२० वर उडी घेण्याआधी मधली एक पायरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या चाकणमध्येच तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० सारख्या, चाळीसेक अश्वशक्तीच्या गाडीवर वर्षभर काढले, तर बसण्याची ढब, ब्रेक आणि वळण हे सगळे शिकून होते, आणि त्या काळातल्या चुका ती गाडी पुष्कळशा पोटात घालते. ही पायरी ज्यांना नको असेल, त्यांनी पुढचा मजकूर अधिकच सावकाश अंमलात आणावा.

सुरुवात गाडी चालू न करता करावी. पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणाऱ्या स्टँडवर) किंवा कोणीतरी मागून घट्ट धरलेल्या गाडीवर दहा मिनिटे नुसते बसावे. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असतात, म्हणून आधी पाय सवयीने पुढची हवा चाचपतात. फुटरेस्ट मात्र मागे आणि वर असतात. त्यांवर तळव्याचा मधला भाग न टेकवता चवड्याचा भाग टेकवावा. मग दोन्ही गुडघ्यांनी टाकी दाबावी, पोटाचे स्नायू किंचित आवळावेत, पुढे झुकावे आणि कोपरे वाकवून हात क्लिप-ऑनवर, म्हणजे स्पोर्ट बाइकच्या बुटक्या, दोन तुकड्यांच्या हँडलवर, नुसते ठेवावेत. आता पक्षी पंख हलवतो तशी कोपरे वरखाली करून पाहावीत. ती सहज हलली तर अंगाचा भार पाय आणि पोट पेलत आहेत. ती ताठ राहिली तर भार मनगटांवर आहे. पहिल्या रविवारी पुण्याहून निघून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत पोहोचेस्तोवर माझ्या दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या होत्या आणि मी दोष गाडीच्या बनावटीला देत होतो. दोष माझ्या सुटलेल्या गुडघ्यांचा होता.

हेच आवळलेले हात थ्रॉटलवर सर्वांत महाग पडतात. खड्डा आला की अंग मागे हिसकले जाते, मूठ घट्ट असेल तर ती अंगाबरोबर मागे फिरते आणि नको त्या क्षणी थ्रॉटल उघडतो. मीटिऑरवर अशा वेळी गाडी थोडी गुरगुरते, एवढेच. निंजावर पुढचे चाक हलके होते. म्हणून मूठ आवळून न धरता, कुलपात किल्ली धरावी तशी तिरपी आणि हलकी धरावी. पहिला महिनाभर गाडी रेन मोडमध्ये (ताकद सौम्यपणे देणाऱ्या सेटिंगमध्ये) ठेवावी, मागचे चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नये, आणि पुस्तिकेत रन-इनसाठी, म्हणजे नवे इंजिन रुळेपर्यंतच्या काळासाठी, आरपीएमची जी मर्यादा दिलेली असते ती निमूटपणे पाळावी, कारण ती इंजिनाइतकीच चालकाच्याही उपयोगाची असते.

ब्रेकबाबत सर्वांत जास्त सराव लागतो. क्रूझर बुटकी असते आणि चालक मागच्या चाकाकडे बसलेला असतो, त्यामुळे उजव्या पायाच्या ब्रेकवर बराच वेग कमी करता येतो आणि वर्षानुवर्षे तीच सवय लागते. स्पोर्ट बाइकवर ब्रेक लागताच सगळे वजन पुढे येते, मागचे चाक हलके होते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. हा ब्रेक झटक्याने ओढायचा नसतो. दोन बोटे लिव्हरवर ठेवावीत आणि आधी एवढाच दाब द्यावा की पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक-अब्सॉर्बर) खाली बसू लागतो. तो बसताना टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते, आणि त्यानंतरच दाब वाढवत न्यावा. हे सगळे अर्ध्या सेकंदात घडते, पण ते दोन टप्पे आहेत हे बोटांना कळले पाहिजे. रिकाम्या, वाळू नसलेल्या डांबरी मैदानावर ताशी ४० च्या वेगावरून दहा वेळा थांबावे, मग ६० वरून. प्रत्येक वेळी गुडघ्यांनी टाकी पकडली आहे ना, हे पाहावे, कारण ती सुटली की सगळे अंग मनगटांवर येते आणि ब्रेक मारणारे बोटच सुन्न होते. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) आहे म्हणून हा सराव टाळू नये. गाडी वळणात कललेली असताना एबीएसची मदत मर्यादित असते.

वळणाचे शास्त्र दोन्ही गाड्यांना एकच आहे : डावीकडे वळायचे तर डावी मूठ पुढे ढकलावी, गाडी डावीकडे कलते. क्रूझरच्या रुंद हँडलवर आपण हे नकळत करत आलेलो असतो. स्पोर्ट बाइकवर जाणीवपूर्वक आणि हलक्या हाताने केले, तर ती लगेच ऐकते. मोठा फरक वेगळाच आहे. क्रूझर जरा जास्त कलली की फुटरेस्ट रस्त्याला घासतो आणि त्या आवाजाने चालक सावध होतो. स्पोर्ट बाइक असा इशारा लवकर देत नाही. ती आपल्या धाडसाच्या कितीतरी पलीकडे कलू शकते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात म्हणून मर्यादा ठरवायची ती गाडीच्या कुवतीवरून नव्हे, तर वळणापलीकडे जेवढा रस्ता दिसतो त्यावरून. वळणाआधीच ब्रेक आणि गिअर उरकावा, आत शिरल्यावर थ्रॉटल अगदी थोडा पण स्थिर ठेवावा, नजर वळणाच्या शेवटाकडे न्यावी. मध्येच घाबरून थ्रॉटल सोडला तर वजन पुढे आदळते आणि गाडी सरळ उभी होऊन बाहेर जाते. उजव्या वळणावर आणखी एक काळजी घ्यावी. चाके मधल्या रेषेच्या आत असली, तरी उजवीकडे कललेले डोके रेषेपलीकडे, समोरच्या ट्रकच्या वाटेत जाते. त्यामुळे आपल्या लेनच्या डाव्या बाजूनेच वळावे.

मंद वेगात ही गाडी क्रूझरपेक्षा अवघड आहे, हे फार कमी लोक सांगतात. हँडल कमी वळते, पूर्ण वळवले तर अंगठा टाकी आणि मुठीच्या मध्ये चिमटतो, आणि ८३० मिलिमीटर उंचीच्या सीटवरून पाय टेकायला मीटिऑरपेक्षा ६५ मिलिमीटर जास्त खाली जावे लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळलेले असताना मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि १९८ किलो उजव्या बाजूला आडवे झाले. हँडल वळलेले असताना मंद वेगात फक्त मागचा ब्रेक आणि अर्धा क्लच वापरावा. गल्ली अरुंद असेल तर खाली उतरून गाडी ढकलत वळवण्यात कमीपणा मानू नये.

टायर थंड असताना हवा तपासावी : पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. नव्या टायरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, म्हणजे पहिले दीडशे किलोमीटर, गाडी फार कलवू नये. हेल्मेट घेताना झुकलेल्या स्थितीत बसून पाहावे, कारण उभे असताना छान वाटणाऱ्या हेल्मेटची वरची कड झुकल्यावर नेमकी नजरेच्या आड येते आणि मान उगाच ताणली जाते. हातमोजे तळव्यावर कडक संरक्षण असलेले असावेत. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांड्यांवर गरम वारा येतो, तेव्हा पातळ पँटवर जाऊ नये.

गाडीचा खरा वेग पाहायचा असेल तर तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली पाहावा. समोरून कोणी येत नाही अशी ती जागा आहे.

पहिले तीन महिने प्रत्येक फेरीनंतर एक छोटी तपासणी करावी. घरी आल्यावर हातमोजे काढून तळवे उजेडात धरावेत. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ दिसले, तर पुढच्या रविवारी मोड बदलण्याचा किंवा घाट गाठण्याचा विचार बाजूला ठेवून गुडघ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी. सलग चार फेऱ्यांनंतरही तळवे स्वच्छ राहिले, की रेन मोड काढावा.