बचनाग देण्याआधी श्वास जुळवा: रॅटवरच्या ॲरिदमिया प्रयोगाची तयारी

ॲकोनिटाइन म्हणजे बचनागातलं विष. हृदयातल्या सोडियम वाहिन्या ते नीट मिटूच देत नाही, त्यामुळे रॅटच्या शिरेतून संथ सोडलं की थोड्याच वेळात अवेळी ठोके पडू लागतात, म्हणजेच ॲरिदमिया होतो. पण हेच विष श्वसनही मंदावतं. प्राणी स्वतःच श्वास घेत असेल तर कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, ॲड्रेनालिन वाढतं, आणि ठोका बचनागाने बिघडला की गुदमरल्याने, हे कळेनासं होतं. म्हणून तयारीचा निम्मा वेळ व्हेंटिलेटरला द्यावा.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय प्राणी मागवू नका. भुलीसाठी युरेथेन किलोमागे १.२ ग्रॅम, पोटाच्या पोकळीत टोचून. ३०० ग्रॅमच्या रॅटला २५ टक्के द्रावणाचे १.४४ मिलि होतात. युरेथेन कर्करोगकारक आहे, म्हणून हातमोजे घाला आणि प्राणी पुन्हा शुद्धीवर आणायचा नाही हे आधीच ठरवा. पंजा चिमटल्यावर हालचाल पूर्ण थांबेपर्यंत कातर लावू नका.

श्वासनलिकेसाठी पीई-२४० या पॉलिथिलीनच्या नळीचा सुमारे ३ सेंमीचा तुकडा पुरतो. त्याची पोकळी जेमतेम ०.०७ मिलि. लांब नळी किंवा मोठा वाय-जोड लावला की मृत अवकाश (जिथली हवा फुप्फुसात न पोचता परत येते) वाढतो आणि आकडे बरोबर ठेवूनही कार्बन डायऑक्साइड चढतो. टोक फार खोल गेलं तर एकच फुप्फुस फुगतं, म्हणून छातीच्या दोन्ही बाजू सारख्या उचलतात का ते पाहा. मानेतल्या कॅरोटिड धमनीत नळी घालताना शेजारची व्हेगस नस (हृदयगती आवरणारा मज्जातंतू) ओढली गेली तर हृदयगती तिथेच बदलते.

सुरुवात दर श्वासाला किलोमागे ८ मिलि हवा, म्हणजे सुमारे २.४ मिलि, आणि मिनिटाला ७० श्वास अशी करा. १५ मिनिटांनी धमनीतून ०.१ मिलि रक्त घेऊन वायू तपासा. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी पारा आणि पीएच ७.३५ ते ७.४५ हवा. जास्त निघाला तर दर श्वासाचं आकारमान न वाढवता मिनिटाचे श्वास पाच-दहाने वाढवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. उलट, फार हवा दिली तर रक्त अल्कलीकडे झुकतं, पोटॅशियम पेशींत शिरतं आणि हृदय जास्तच चिडखोर होतं. ऑक्सिमीटरवर विसंबू नका: शुद्ध ऑक्सिजन चालू असेल तर श्वास अपुरा असतानाही तो ९८ टक्के दाखवत बसतो. श्वास सोडण्याच्या शेवटी फुप्फुसातला दाब जास्त ठेवला तर हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, रक्तदाब पडतो आणि सिंपथेटिक (ॲड्रेनालिनची) उसळी येते, ती वेगळीच भानगड.

ईसीजी दुसऱ्या लीडवर, किमान १ किलोहर्ट्झने नोंदवा. हृदयगती ३५० आणि श्वास ७० असले तर दर पाचव्या ठोक्याला क्यूआरएसची (ईसीजीवरच्या ठोक्याच्या टोकदार लाटेची) उंची हलते. नवख्याला तो आजार वाटतो. ॲकोनिटाइन सुरू होण्याआधी श्वास सोडलेल्या स्थितीत यंत्र दोन-तीन सेकंद थांबवा. उंची स्थिरावली तर ती छातीची हालचाल होती. गुदद्वारातलं तापमान ३७ ते ३७.५ ठेवा. ॲरिदमिया मोजायला लँबेथ संकेतांची (ॲरिदमियाच्या व्याख्या ठरवणाऱ्या नियमांची) १९८८ ची आवृत्ती घ्यायची की २०१३ ची, हे पहिल्या प्राण्याआधी लिहून ठेवा.

ॲकोनिटाइन मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचं तर ३०० ग्रॅमला मिनिटाला १.५ मायक्रोग्रॅम लागतं. १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि द्रावण सिरिंज पंपावर मिनिटाला ०.१ मिलिने सोडा. पंप सुरू झाल्यावर व्हेंटिलेटरची एकही कळ फिरवू नका. नळीत कफ अडकून हवेचा दाब चढला तर कफ ओढून घ्या, पण त्या प्राण्याचा आकडा वगळा. हा नियम सगळ्या प्राण्यांना सारखाच. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. एक-दोन मिलिग्रॅम शुद्ध ॲकोनिटाइन माणसाचाही जीव घ्यायला पुरतं, म्हणून ते नाव लिहिलेल्या बाटलीत रासायनिक कचऱ्यात जाऊ द्या.