यलोस्टोनची एक दिवसाची गाइडेड टूर: या चुका टाळा, प्लीज

अमेरिकेतलं यलोस्टोन नॅशनल पार्क एका दिवसात होतं का, असं कोणी विचारलं की मी सांगते, अर्धं होतं, आणि ते अर्धं निवांत बघितलंत तर पैसे वसूल. मी सॉल्ट लेक सिटीला राहते. उन्हाळा लागला की कोणाचे आईबाबा येतात, कोणाचे सासूसासरे येतात, कोणाची बहीण मुलांना घेऊन येते, आणि सगळ्यांना यलोस्टोन करायचंच असतं, मग टूर ठरवून देणं माझ्याकडे येतं आणि बरेचदा व्हॅनमध्ये एक सीट मलाही मिळते. माणसं बदलतात, चुका मात्र दर वर्षी त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय.

अख्खं पार्क एका दिवसात उरकायचा हट्ट

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. पार्क जवळजवळ ९००० चौरस किलोमीटर आहे. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, वरचा लूप आणि खालचा लूप, मिळून १४२ मैल. कमाल वेग ४५ मैल आणि तोही कागदावरच, कारण मध्ये जनावरं, वळणं, पार्किंगच्या रांगा. गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, मुख्यतः खालच्या लूपवर पश्चिमेला, आणि लांडगे बघायचे तर लामार व्हॅली, ती पार ईशान्येला. नकाशावर बोटभर अंतर दिसतं आणि तिथेच लोक फसतात.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते, आजीआजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. मुलगा हुशार, त्याने एक्सेलमध्ये मिनिटामिनिटाचा प्लॅन केलेला: पार्कच्या पश्चिम गेटवरच्या वेस्ट यलोस्टोन गावाहून निघायचं, ओल्ड फेथफुल हा सगळ्यात प्रसिद्ध गायझर, मग लेकच्या बाजूने हेडन व्हॅली, कॅन्यनचा धबधबा, दुपारी दोनला लामारमध्ये लांडगे, येताना नॉरिस, सातला हॉटेल. गाइडने सकाळीच हात जोडून सांगितलं की हे सगळं मिळून १९० मैलांच्या वर जातं, नुसतं न थांबता गाडी चालवली तरी चार-सव्वाचार तास. नाही ऐकलं. ओल्ड फेथफुलला पोचलो तेव्हा नुकताच फवारा होऊन गेलेला, पुढचा साधारण दीड तासाने. पाऊण तास थांबले आणि मग एक्सेल म्हणतंय निघा म्हणून निघाले! आजोबा बाकावर जागा धरून बसले होते, त्यांना उठवलं. पुढे हेडनमध्ये बायसनचा, म्हणजे इथल्या गव्यासारख्या दांडग्या जनावराचा, कळप रस्त्यावर, तासभर गाड्या जागच्या जागी. डनरेव्हन पासच्या वळणांवर धाकट्याला उलट्या. लामारला पोचेपर्यंत कडक ऊन, अशा उन्हात लांडगे सावलीला पडून असतात, तेव्हा दिसलं फक्त गवत. आजीआजोबा सातासमुद्रापलीकडून आलेले, त्यांनी ना गायझर बघितला ना लांडगा, बघितली ती व्हॅनची काच. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तर माझा नियम सरळ आहे. टूर बुक करताना पहिला प्रश्न हा की कुठल्या गेटने आत जाणार आणि कुठला लूप करणार. गायझर महत्त्वाचे असतील तर वेस्ट यलोस्टोनहून खालचा लूप घ्या, जनावरं हेडन व्हॅलीत भेटतात, बायसन तर बहुतेक वेळा भेटतोच. लांडगे आणि अस्वलांचा ध्यास असेल तर उत्तर गेटवरच्या गार्डिनर गावात मुक्काम करा, पहाटे अंधारात निघा आणि दिवस लामारलाच द्या. दक्षिणेकडच्या जॅक्सन गावाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ओल्ड फेथफुलपर्यंतच सुमारे ९५ मैल आहेत, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास रस्त्यातच. दोन्ही हवं असेल तर दोन दिवस काढा. मधला मार्ग नाही. जी टूर ‘सगळं दाखवतो’ म्हणते ती मी घेतच नाही.

ओल्ड फेथफुलची वेळ आदल्या रात्री विचारणं

‘उद्या किती वाजता उडणार ते कळव म्हणजे तसं निघतो.’ अहो, कोणालाच माहीत नसतं. पुढच्या फवाऱ्याचा अंदाज आधीचा फवारा किती वेळ चालला त्यावरून काढतात. अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभरात, जास्त चालला तर दीड तासाच्या आसपास. खाली जमिनीत नळ्यांमध्ये पाणी भरतं, वरच्या पाण्याच्या दाबाने खालचं पाणी उकळबिंदूच्या पुढे तापलं तरी उकळत नाही, मग थोडं पाणी वर सांडतं, दाब उतरतो आणि सगळं एकदम वाफेसकट उसळतं. जास्त रिकामं झालं की भरायलाही जास्त वेळ, इतकं साधं आहे. म्हणून वेळ फक्त पुढच्या एका फवाऱ्याची मिळते आणि तीसुद्धा दहा मिनिटं मागेपुढे.

यातली माझी नावडती उपचूक म्हणजे मुख्य फवाऱ्याआधी दोन-चार लहान उचक्या येतात, चार-पाच फूट पाणी उडतं, आणि लोक ‘एवढंच?’ म्हणून उठायला लागतात. बसा हो! खरा फवारा शंभर फुटांच्या वर जातो, कधी १८० पर्यंत. मी अंदाजाच्या वीस मिनिटं आधी जाऊन बसते, डबा तिथेच उघडते, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मोबाइल पिशवीत. आणि झाल्यावर लगेच पार्किंगकडे पळू नका, सगळे तेव्हाच पळतात आणि अर्धा तास गाडी हलत नाही. त्यापेक्षा मागच्या बोर्डवॉकवरून, म्हणजे फळ्यांच्या पायवाटेवरून, कॅसल गायझरपर्यंत चालत जा. व्हिजिटर सेंटरमध्ये कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड यांचेही अंदाज लावलेले असतात. ग्रँडचं टायमिंग सैल, तास-दीड तास बसावं लागतं, पण सापडला तर ओल्ड फेथफुल विसराल.

बोर्डवॉकवरून पाय खाली

हे मी रागाने लिहितेय. आपल्याकडे गरम पाण्याचे झरे म्हणजे वज्रेश्वरी, उन्हवरे, उनपदेव. जायचं, कुंडात उतरायचं, अंग शेकायचं. तेच डोक्यात ठेवून लोक इथे वाकून पाण्यात बोट घालायला बघतात. ओल्ड फेथफुलची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही सहाशे मीटर उंच, तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं, आणि कितीतरी कुंडं त्या उकळीच्या जवळपास असतात. दिसतात मात्र निळीशार, शांत. आजूबाजूची जमीन म्हणजे काही ठिकाणी पातळ पापुद्रा आणि त्याच्या खाली उकळतं पाणी. या पार्कात गरम कुंडांत भाजून २० पेक्षा जास्त माणसं गेली आहेत. २०१६ मध्ये नॉरिसला एक तरुण बोर्डवॉक सोडून गेला आणि कुंडात पडला, त्याचा देहसुद्धा काढता आला नाही.

आता टोपीचा किस्सा. मिडवे बेसिनला, ग्रँड प्रिझमॅटिक या मोठ्या रंगीत कुंडाच्या काठाने बोर्डवॉक जातो, बऱ्याच भागात कठडा नाही आणि वारा भन्नाट. आमच्यातल्या एका काकांच्या नातीची गुलाबी हॅट उडाली आणि हाताच्या अंतरावर त्या केशरी थरावर जाऊन पडली. नात रडायला लागली. काका एक पाय खाली टाकणार, चपलेचा पुढचा भाग त्या ओल्या थराला टेकलासुद्धा, तेवढ्यात गाइड मुलीने मागून त्यांच्या जॅकेटची कॉलर धरून अक्षरशः खेचलं, दोघंही फळ्यांवर आपटले. काका चिडले, ‘दोन इंच तर पाणी आहे.’ तिने आवाज न चढवता विचारलं, दोन इंचांच्या खाली काय आहे ते तुम्हाला दिसतंय का? काका गप्प. चपलेच्या टोकाने त्या थरात चंद्रकोरीसारखी खूण पडली होती, आणि असे ठसे लवकर बुजत नाहीत. तो केशरी थर म्हणजे चिखल नव्हे, उष्णतेत जगणाऱ्या जिवाणूंची जिवंत चादर आहे. याच पार्कातल्या गरम झऱ्यात १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना जो जिवाणू सापडला त्याच्यातल्या एन्झाइमवर पुढे पीसीआर तंत्र उभं राहिलं, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून केलेली टेस्ट त्याच घराण्यातली.

माझी सवय: मिडवेला टोपी व्हॅनमध्येच ठेवायची, किंवा हनुवटीखाली दोरी असलेली घालायची. लहान मूल असेल तर मनगट धरायचं, बोट नाही. उडालंच काही, मग ते फोन का असेना, तर सोडून द्यायचं आणि रेंजरला सांगायचं. आणि कुंडात नाणी टाकू नका. पूल आला की नदीत नाणं टाकायची आपली सवय मला माहीत आहे, पण मॉर्निंग ग्लोरी नावाच्या कुंडात लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकून त्याचं तोंड बुजवत आणलं, पाणी थंड झालं आणि मूळचा निळा रंग कडेने पिवळा-केशरी होत गेला.

त्याच मिडवेबद्दल आणखी एक, सकाळी थंडीत जाऊन ‘रंग कुठेत?’ विचारू नका, वाफच इतकी असते की काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात जा, आणि गुडघे बरे असतील तर फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून वरच्या ओव्हरलुकला चढा, मैलभरही नाही. फोटोत दिसतं ते वर्तुळ तिथूनच दिसतं.

बायसन गरीब दिसतो म्हणून जवळ जाणं

दाजीपूरला गवा समोर आला तर आपण श्वास रोखून जीपमध्ये बसतो, आणि इथे नऊशे किलोपर्यंत जाणाऱ्या बायसनसमोर पाठ करून सेल्फी? या पार्कात सगळ्यात जास्त माणसं जखमी केलीत ती बायसनने, अस्वलाने नाही. माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. नियम २५ यार्डांचा आहे, क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाच्या स्टंपच्याही मागे बायसन, त्याहून जवळ नाही. अस्वल आणि लांडग्यांसाठी १०० यार्ड, म्हणजे बाउंड्रीच्याही बाहेर. शेपूट वर उचललं की तो चिडलाय, मागे व्हा, फोटो राहू दे. तो तुमच्याकडे चालत आला तरी अंतर राखायची जबाबदारी तुमचीच. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत माजावरचे नर असतात, तेव्हा तर दुप्पट सांभाळून. आणि पिल्लाला हात लावणं? २०२३ मध्ये एकाने मदत म्हणून लामार नदीकाठी नवजात पिल्लाला ढकलून वर काढलं, कळपाने ते परत घेतलं नाही आणि शेवटी पार्कवाल्यांना त्याला मारावं लागलं.

गाइड थांब म्हणाला की थांबायचं, दार उघडू नको म्हणाला की उघडायचं नाही. ‘आम्ही ताडोबा केलंय’ हे त्याला ऐकवू नका.

लांडग्यांबद्दल थोडं, कारण लोक निराश होऊन परततात. १९२० च्या दशकात इथले लांडगे मारून संपवले होते, १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले, आजचे त्यांचेच वंशज. ते रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहत नाहीत, मैलभर लांब टेकडीवर हलणारा ठिपका दिसतो आणि तो बघायला गाइडचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लागतो. म्हणून बुकिंगच्या वेळी स्कोप आहे का ते विचारा. स्कोपला धक्का लावू नका, लावलेला नेम हलतो, आणि घाईघाईत दहा सेकंद डोळा लावून ‘काही नाही दिसत’ म्हणू नका, डोळा स्थिरावायला वेळ लागतो.

बाकीच्या, पटापट

जुलैमध्ये नुसता टी-शर्ट घालून येणं. पहाटे हाडं गोठतात, स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट हवंच.

मोबाइलवर विसंबणं. आत बहुतेक ठिकाणी रेंज नाही, कुठे भेटायचं ते तोंडी ठरवा.

‘पुढच्या स्टॉपला जाते’ म्हणून टॉयलेट टाळणं. पुढचा स्टॉप म्हणजे कळपामागे तासभरसुद्धा असू शकतो. बऱ्याच टॉयलेटमध्ये पाणी नसतं, मी बाटली आणि सॅनिटायझर दोन्ही ठेवते.

एप्रिलच्या सुरुवातीला किंवा नोव्हेंबरच्या मध्यात येणं. तेव्हा बहुतेक रस्ते गाड्यांना बंद असतात, वर्षभर उघडा फक्त गार्डिनर ते कुक सिटी.

एन्ट्री फी टूरमध्ये धरली आहे का ते न विचारणं. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षं आणि पुढच्या प्रत्येकासाठी इथे १०० डॉलर जास्तीचे आहेत, आईबाबा भारतातून येणार असतील तर हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

ड्रोन. बंदी आहे, घरीच ठेवा.

टिप न देणं. पहाटे चारला उठून तुमच्यासाठी स्कोप लावणाऱ्या माणसाला इथे साधारण पंधरा-वीस टक्के देतात, बजेटमध्ये आधीच धरा.

आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखायचा तिखट फवारा, सामानात घालून विमानतळावर येणं. केबिन असो वा चेक-इन, चालत नाही, काढून घेतात. ट्रेलवर चालणार असाल तर गाइडकडे आहे का विचारा, नाहीतर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनरमध्ये घ्या, आणि तो बॅगच्या तळाशी नाही, कमरेला लावा.